टाऊन हॉलवरचा झेंडा

झेंडा सत्याग्रह म्हटले की आपल्या मराठी मंडळींना आधी नागपूर आठवते. त्यात चूक काही नाही. १९२३ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात साऱ्या देशाचे लक्ष नागपूरच्या सिव्हिल लाइन्सकडे लागले होते आणि तुरुंगात गेलेल्यांमध्ये मराठी नावेही भरपूर होती. पण त्या लढ्याची ठिणगी पडली आपल्या जबलपुरात, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टाऊन हॉलवर. आज आपण तिला गांधी भवन म्हणतो आणि वाचनालयाच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांचे पाय त्या इमारतीला लागलेले आहेत. पायऱ्या चढताना वर मान करून छपराकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. राइट टाऊन, नेपियर टाऊनपासून रांझी-खमरियापर्यंत पसरलेल्या आपल्या मंडळींना, विशेषतः कारखान्यांत नोकरीनिमित्त नंतर आलेल्यांना, ही हकीकत ठाऊक असावी म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली पाहिजे. त्या काळी जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातली शहरे होती. मध्य प्रांत व वऱ्हाड असे त्या प्रांताचे नाव आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि जबलपूर दुसऱ्यात. त्याआधी वकील, कारकून, शिक्षक, रेल्वेवाले अशा सगळ्यांची या दोन शहरांत बदलीनिमित्त ये-जा चालू असे. त्याही मागे जायचे तर १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा जबलपूर येथे पराभव केला आणि या शहरावर त्यांचे निशाण चढले. ते उतरायला एकशे तीस वर्षे लागली.

१९२३ साली टाऊन हॉलवर लागलेला झेंडा कसा होता, हे आधी सांगायला हवे. कारण शाळेच्या नाटकांत, भित्तिचित्रांत आणि मिरवणुकीतल्या देखाव्यांत त्या प्रसंगी हटकून आजचा तिरंगा दाखवतात, अशोकचक्रासकट. तो झेंडा तसा नव्हता. १९२१ च्या मार्चअखेर बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेस महासमितीची बैठक भरली होती. मच्छलीपट्टणकडचे पिंगली वेंकय्या यांनी तेथे गांधीजींना लाल आणि हिरव्या रंगाचा एक आराखडा दिला. जालंधरचे लाला हंसराज यांनी त्यावर चरखा असावा असे सुचवले होते, आणि गांधीजींनी पांढऱ्या रंगाची भर घातली. पट्ट्यांचा क्रम असा : सगळ्यांत वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. त्यावेळच्या समजुतीप्रमाणे लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्व धर्मीयांचा. संख्येने सर्वांत लहान तो सर्वांत वर, मोठ्याने खाली राहून त्याला आधार द्यायचा, असा त्या क्रमामागचा विचार गांधीजींनी 'यंग इंडिया'त मांडला होता. काँग्रेसने ठराव करून हा झेंडा तेव्हा स्वीकारला नव्हता. लोकांनी मात्र स्वीकारला, आणि 'स्वराज्याचा झेंडा' म्हणून तो गावोगाव दिसू लागला.

त्याआधीचे दोन झेंडे मराठी माणसाला जवळचे आहेत. मॅडम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेला झेंडा पुण्याला केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. त्यावर मधोमध देवनागरीत वंदे मातरम् ही अक्षरे आहेत. पुण्याला जाणे झाले तर अवश्य पाहावा. दुसरा झेंडा १९१७ चा, लोकमान्य टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा. पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, त्यांवर सप्तर्षींचे सात तारे, आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक! आज हे वाचून दचकायला होते. पण होमरूलची मागणी साम्राज्यात राहून स्वराज्य मिळवण्याची होती, त्या हिशेबाने ते निशाण प्रामाणिक होते. अवघ्या सहा वर्षांनी जबलपुरात जो वाद पेटला तो नेमका याच मुद्द्यावर, आपल्या झेंड्याशेजारी युनियन जॅक असावा की नसावा.

१९२२ साली हकीम अजमलखान यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसची सविनय कायदेभंग चौकशी समिती देशभर हिंडत जबलपूरला आली. पाहुण्यांच्या स्वागतासाठी टाऊन हॉलवर स्वराज्याचा झेंडा लावण्यात आला. नगरपालिकेच्या इमारतीवर, म्हणजे एका परीने सरकारी छपरावर, चरख्याचा झेंडा! ही बातमी विलायतेत पोहोचली, पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला आणि हिंदुस्थान खात्याचे उपमंत्री लॉर्ड विंटरटन यांना असे पुन्हा होणार नाही म्हणून आश्वासन द्यावे लागले. एका मध्यम आकाराच्या शहरातल्या कापडाच्या तुकड्याने लंडनला एवढे अस्वस्थ व्हावे, यावरूनच त्या तुकड्याची किंमत कळते.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये काँग्रेसची दुसरी एक मंडळी आली. त्यांत राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, जमनालाल बजाज आणि देवदास गांधी होते. पुन्हा स्वागताची तयारी झाली आणि पुन्हा झेंड्याचा प्रश्न उभा राहिला. या खेपेस डेप्युटी कमिशनरने अट घातली की झेंडा लावायचा तर शेजारी युनियन जॅकही लागला पाहिजे. वरवर पाहता अट फार जाचक वाटत नाही. एखाद्या व्यवहारी माणसाने मान डोलावलीही असती. पण त्या अटीतली मेख नगरपालिकेच्या पुढाऱ्यांनी ओळखली. दोन झेंडे शेजारी लागले की त्यांतला मानाचा कोणता हे राज्य कोणाचे यावर ठरते, आणि राज्य कोणाचे हे उघडच होते. त्यांनी अट नाकारली. परवानगी मिळाली नाही.

मग हे काम शहर काँग्रेसने हातात घेतले. अध्यक्ष होते पंडित सुंदरलाल. 'भारत में अंग्रेज़ी राज' या पुढे जप्त झालेल्या ग्रंथाचे लेखक तेच. दिवस निवडला १८ मार्चचा. बरोबर एक वर्षापूर्वी, १८ मार्च १९२२ ला, अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि ते येरवड्याला होते. त्या दिवशी मिरवणूक टाऊन हॉलकडे निघाली. सुंदरलालजींबरोबर सुभद्राकुमारी चौहान, त्यांचे पती ठाकूर लक्ष्मणसिंह, नाथूराम मोदी अशी मंडळी होती. पोलिसांचा पहारा चुकवून काही तरुण वर चढले आणि त्यांनी झेंडा लावला. शहराच्या इतिहासावरील लेखनात प्रेमचंद जैन 'उस्ताद', सीताराम जादव, परमानंद जैन आणि खुशालचंद जैन ही नावे येतात. लाठ्या चालल्या. पोलिसांनी झेंडा खाली ओढला, तो पायदळी तुडवला गेला. धरपकड झाली आणि पुढे सुंदरलालजींना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

सुभद्राकुमारी तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या, हे वाचताना थांबायला होते. झाशीच्या राणीवरील त्यांची कविता आपल्या मुलांना हिंदीच्या पुस्तकात पाठ करावी लागते. ती लिहिणारी बाई आपल्याच शहरात राहिली, इथल्याच रस्त्यावर झेंडा घेऊन चालली आणि पुढे नागपूरच्या सत्याग्रहातही तुरुंगात गेली, हे मुलांना सांगितले तर पाठांतर जरा हलके होईल. १५ फेब्रुवारी १९४८ ला सिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. जबलपुरातल्या त्यांच्या पुतळ्याचे अनावरण १९४९ साली महादेवी वर्मा यांच्या हस्ते झाले.

जबलपूरचे वारे नागपूरला पोहोचायला महिनाही लागला नाही. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे निघाली आणि पोलिसांनी ती अडवली. तेथे साहेब लोकांचे बंगले होते. शहरात झेंडा हवा तितका मिरवा, या वस्तीत नको, असा सरकारचा पवित्रा. १ मे पासून रीतसर सत्याग्रह सुरू झाला. छोट्या तुकड्या झेंडा घेऊन हद्दीपर्यंत जायच्या, अटक करवून घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. सूत्रे जमनालाल बजाजांकडे होती. त्यांना जूनमध्ये पकडले आणि अठरा महिन्यांची कैद व तीन हजार रुपये दंड ठोठावला. दंड भरायला त्यांनी नकार दिला म्हणून मोटार जप्त झाली, पण नागपुरात तिच्यावर बोली लावायला कोणी पुढे येईना. वर्ध्याहून आलेले विनोबा भावेही याच सत्याग्रहात पकडले गेले आणि नागपूर व अकोल्याच्या तुरुंगांत राहिले. जबलपूरहून 'कर्मवीर' चालवणारे माखनलाल चतुर्वेदी होते. गुजरात, बिहार, कर्नाटक, मद्रास अशा दूरदूरच्या भागांतून स्वयंसेवक आले. दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले.

सरकारच्या बाजूलाही एक मराठी माणूस होता, ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही. प्रांताचे गृहखाते तेव्हा अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्याकडे होते. मोरोपंत मवाळ पक्षाचे, घटनात्मक मार्गावर मनापासून विश्वास असणारे. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. एकाच समाजातली माणसे तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली होती आणि दोघेही देशाचे भले चिंतत होते. सुटकेची वाट निघाली तीही बोलण्यातूनच. वल्लभभाई पटेल जुलैमध्ये नागपूरला आले. त्यांचे थोरले बंधू विठ्ठलभाई राजकारणात त्यावेळी विरुद्ध गटात, स्वराज्य पक्षात होते. तरी दोघांनी मिळून सरकारशी बोलणी केली. १८ ऑगस्ट १९२३ ला झेंड्याची मिरवणूक पोलिसांच्या अडथळ्याविना सिव्हिल लाइन्समधून गेली आणि सत्याग्रह संपल्याचे जाहीर झाले. कैदीही मग सुटले.

या तुरुंगवासातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली, आणि तिच्याशी आपला रोजचा संबंध आहे. हुबळीहून डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर आपले स्वयंसेवक घेऊन नागपूरला आले होते. या मंडळींनी तुरुंगात माफी मागायला साफ नकार दिला. त्या शिस्तीचा बोलबाला झाला आणि त्याच वर्षअखेर काकीनाडा अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना झाली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता गावोगाव झेंडावंदन करायचे, ही प्रथा या दलाने पाडली. रांगेत उभे राहणे, दोरी ओढणे, सलामी देणे, गीत म्हणणे ही सगळी रीत तेव्हापासूनची. आपण पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात जे करतो त्याची तालीम स्वातंत्र्याच्या चोवीस वर्षे आधीपासून चालू होती.

पुढे रंगांच्या धार्मिक अर्थावरून कुरबुरी होऊ लागल्या. शिखांनी आपलाही रंग हवा असे म्हटले. १९३१ च्या एप्रिलमध्ये कराचीला सात जणांची समिती नेमली. तीत पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या यांच्यासह दोन नावे आपल्या ओळखीची : डॉ. हर्डीकर आणि काकासाहेब कालेलकर. समितीने सबंध केशरी झेंडा आणि त्यावर चरखा अशी शिफारस केली होती. ती मान्य झाली असती तर आजचे चित्र वेगळे असते! महासमितीने ऑगस्टमध्ये मुंबईला ती बाजूला ठेवली आणि वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, पांढऱ्यावर निळा चरखा, असा झेंडा ठरवला. रंगांचा धर्मांशी संबंध नाही हे त्या वेळी स्पष्ट करण्यात आले. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा. आजही कोणी अमका रंग अमक्यांचा म्हणू लागला तर त्याला सांगावे, तो हिशेब १९३१ सालीच बंद झाला.

हाच झेंडा १९३९ च्या मार्चमध्ये नर्मदाकाठी त्रिपुरी अधिवेशनात होता. बावन्नावे अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणले होते, म्हणून त्यांच्या जागी त्यांची तसबीर मिरवण्यात आली. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेली कमानिया गेट आपण रोज पाहतो. त्रिपुरीवर स्वतंत्र लेख व्हायला हवा, येथे एवढेच पुरे.

१९४७ च्या जूनमध्ये संविधान सभेने झेंडा समिती नेमली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, सभासदांत राजगोपालाचारी, मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. यांतले दोघे चोवीस वर्षांपूर्वी त्या मार्च महिन्यात जबलपूरला आले होते आणि टाऊन हॉलवर झेंडा लावू दिला नाही हे त्यांनी जवळून पाहिले होते. याच दिवसांत लॉर्ड माउंटबॅटन यांनी नव्या झेंड्याच्या कोपऱ्यात लहानसा युनियन जॅक ठेवावा अशी सूचना केली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या झेंड्यांवर तो आहेच. ही सूचना मानली गेली नाही. होमरूलच्या झेंड्याच्या कोपऱ्यातून, टाऊन हॉलच्या अटीतून आणि शेवटी माउंटबॅटन यांच्या आराखड्यातून असा तीनदा डोकावलेला युनियन जॅक तेथे कायमचा मिटला.

२२ जुलै १९४७ ला पंडित नेहरूंनी ठराव मांडला आणि आजचा झेंडा मंजूर झाला. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र, गडद निळे, चोवीस आऱ्यांचे. या बदलाचे नेहरूंनी दिलेले एक कारण अगदी व्यवहारी होते. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. चरख्याची चाती आणि दोरी एका अंगाला असते, त्यामुळे मागून पाहिले तर चित्र उलटे होते. चाक मात्र कुठूनही चाकच. गांधीजींना चरखा गेल्याचे रुचले नव्हते.

आता थोडे नियमांविषयी, कारण उत्सवाच्या दिवसांत हे प्रश्न दरवर्षी निघतात. बरीच वर्षे सामान्य नागरिकाला राष्ट्रीय सण सोडून इतर दिवशी घरावर झेंडा लावण्याची मुभा नव्हती. नवीन जिंदाल यांनी ती मागणी न्यायालयात नेली. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने झेंडा फडकवणे हा अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. जुलै २०२२ पासून नागरिकांना तो रात्रीही फडकत ठेवता येतो. पूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच परवानगी असे.

मंडपात भगवा आणि तिरंगा दोन्ही लावायचे असतात. एका काठीवर दोन झेंडे चालत नाहीत. स्वतंत्र काठ्या हव्यात आणि तिरंग्यापेक्षा दुसरा कोणताही झेंडा उंच नको. व्यासपीठावर काठीला लावलेला असेल तर श्रोत्यांकडे तोंड केलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला. मिरवणुकीत इतर झेंडे असतील तर तो चालणाऱ्यांच्या उजव्या अंगाला किंवा रांगेच्या पुढे मध्यभागी. झेंड्यावर मंडळाचे नाव लिहिणे, त्याचा पडदा, झालर किंवा टेबलावरचे कापड करणे मना आहे. ज्या काठीवर झेंडा आहे तिच्या टोकावर हार किंवा फुले लावू नयेत, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते. घडीत पाकळ्या ठेवून झेंडा उलगडला तर चालते. केशरी नेहमी वर. चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश. शोकप्रसंगी अर्ध्यावर आणायचा असला तरी आधी टोकापर्यंत नेऊन मग खाली घ्यायचा, आणि संध्याकाळी उतरवण्यापूर्वी पुन्हा टोकाला न्यायचा. कारखान्यांत काम करणाऱ्या सभासदांनी ही क्रिया पाहिली असेल.

झेंड्याच्या कापडाबद्दल बोलताना मात्र जीव थोडा खंतावतो. कित्येक दशके झेंडा हातकताईच्या, हातमागाच्या खादीचाच असावा लागे. धारवाडजवळच्या गरग गावी त्याचे कापड विणले जाते, हुबळीच्या बेंगेरीला झेंडे शिवले जातात, आणि मराठवाड्यात नांदेडच्या खादी समितीतही हे काम चालते. मानक ब्युरोने सुताची ताकद, रंगाचा पक्केपणा, चक्राची जागा असे सगळे मोजमापाने बांधून दिले आहे. नऊ आकार ठरलेले आहेत. सर्वांत मोठा ६३०० गुणिले ४२०० मिलिमीटर, मोटारीवरचा २२५ गुणिले १५०, टेबलावरचा १५० गुणिले १००. डिसेंबर २०२१ मध्ये संहिता बदलली आणि यंत्रावरचा, पॉलिस्टरचा झेंडाही चालू लागला. त्यामुळे तो स्वस्त झाला आणि घरोघर पोहोचला, हे खरे. पण ज्या झेंड्यावर चरखा होता म्हणून टाऊन हॉलवर लाठ्या खाल्ल्या गेल्या, त्याच्या वारसाला चरख्याचे सूत लागण्याची गरज उरली नाही. माझे मत विचाराल तर मंडळाने निदान आपला मुख्य झेंडा खादीचाच घ्यावा. फरक काही शेकड्यांचा असतो आणि तेवढ्याने नांदेडच्या किंवा गरगच्या एखाद्या मागावर काम टिकते.

जुना झेंडा विटला किंवा फाटला तर त्याचे फडके करू नये, गाठोडेही बांधू नये. तो सबंध, खाजगीत, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करावा. चांगल्या झेंड्याची घडी अशी : केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही टोके आत घ्यायची, म्हणजे चक्र आणि त्यालगत केशरी-हिरव्याची थोडीशी किनार वर राहते. ती घडी दोन्ही तळहातांवर ठेवून कपाटापर्यंत न्यायची.